जिंकलेल्या संघाची पडकी बाजू

जिंकलेल्या सामन्याची चिरफाड कोणी करीत नाही. हरलेल्या सामन्याची मात्र चौकाचौकात होते. कोणता झेल सुटला, कोणाचा पाय हलला नाही, कोणाला उगीच संघात घेतले, याचा हिशोब पानठेल्यावर उभा असलेला माणूसही बोटांवर मोजून दाखवतो. विजयाच्या दिवशी हाच माणूस पेढे वाटतो आणि हिशोबाची वही बंद करतो. मला मात्र विजयाच्याच दिवशी वही उघडावीशी वाटते. तीसएक वर्षे बँकेत काढलेल्या माणसाची ही खोड आहे असे घरचे म्हणतात, आणि ते फारसे खोटे नाही.

आमचे लोहारा यवतमाळ शहराला अगदी चिकटून आहे. इथे विदर्भाचा क्रिकेट संघ म्हणजे घरचा संघ. रणजी करंडकात विदर्भ १९५७-५८ पासून खेळत आला आणि पहिले विजेतेपद मिळायला २०१७-१८ चा मोसम उजाडावा लागला. त्या मोसमातला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरचा उपान्त्य सामना इथले क्रिकेटवेडे अजून विसरलेले नाहीत. समोर कर्नाटकचा बलाढ्य संघ. विदर्भाचा पहिला डाव अवघ्या १८५ धावांत आटोपला. कर्नाटकने ३०१ केल्या. दुसऱ्या डावात आपण कसेबसे सावरून ३१३ पर्यंत गेलो आणि कर्नाटकला जिंकायला १९८ धावा हव्या होत्या. त्यांना १९२ वर रोखले गेले. पाच धावांनी विजय! रजनीश गुरबानी या तरुण वेगवान गोलंदाजाने दोन्ही डावांत मिळून १२ बळी घेतले. सगळे नाचले. मीही आनंदलो, पण मनात एक आकडा टोचत राहिला, तो पहिल्या डावातल्या १८५ धावांचा. तो पाच धावांचा विजय त्या १८५ धावांवर पांघरूण घालून मोकळा झाला होता.

बँकेत असा प्रकार फार पाहिला. वर्षअखेरीला शाखेचे नफा-तोटा पत्रक तयार होते. शाखा नफ्यात असते, वरच्या कार्यालयातून शाबासकीचे पत्र येते, व्यवस्थापकाच्या टेबलावर पुष्पगुच्छ ठेवला जातो. आत डोकावून पाहिले तर कळते की हा नफा एकदोन मोठ्या जिनिंगवाल्यांच्या खात्यांनी ओढून आणला आहे. बाकीची अर्धी कर्जे थकलेली आहेत. पण नफा आहे म्हटल्यावर थकबाकीची यादी कोण वाचणार? तोटा झाला असता तर तपासणी आली असती, दोन-चार जणांच्या बदल्या झाल्या असत्या, काही सुधारले असते. नफा कधीकधी दुखणे झाकतो, आणि झाकलेले दुखणे आतल्या आत वाढत राहते.

हा विचार मनात घोळत असला की मला एका माणसाची आठवण होते. त्याला जाऊन आता सत्तर वर्षे झाली. त्याने आपल्या संघाला अनेक सामने जिंकून दिले, आणि प्रत्येक विजयाबरोबर त्या संघातली पडकी बाजू अधिकाधिक झाकली गेली. ती बाजू धावांची होती तशीच माणुसकीचीही होती. त्या माणसाचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडात झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण या गावावरून आलेले. जात चांभार. वडील लष्कराच्या चाकरीत होते आणि त्या निमित्ताने कुटुंब पुण्यात राहिले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार भाऊ पुढे क्रिकेटच्या मैदानावर नाव काढणार होते. घरची परिस्थिती मात्र अशी की थोरल्या मुलाला लहानपणीच कामाला लागणे भाग होते. पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात त्यांना काम मिळाले. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि सभासदांना हवे असेल तेव्हा नेटमध्ये चार चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. काम तेच, पगार थोडा अधिक. जाळ्या बांधा, चुन्याच्या रेघा मारा, टेनिसचे मैदान आखा, आणि साहेबांना सराव हवा असला की चेंडू टाका.

त्या क्लबात जॉन ग्लेनी ग्रेग नावाचा एक लष्करी अधिकारी खेळत असे. उत्तम फलंदाज, इंग्लंडात हँपशायर काउंटीकडूनही तो खेळला. हा ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी. बाळूंनी त्याला बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस, असा त्याचा शिरस्ता होता असे सांगतात. महिन्याला तीन-चार रुपये कमावणाऱ्या मुलाला आठ आणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. त्या आठ आण्यांनी आणि रोजच्या त्या हजारो चेंडूंनी बाळूंचा डावा हात घडवला. चेंडूला उंची देणे, टप्पा बदलणे, फलंदाजाच्या नकळत वेग कमी करणे, दोन्ही बाजूंना चेंडू वळवणे, ही सारी विद्या त्यांनी नोकरी करता करता मिळवली.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पूना क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले. पण त्यांच्या हाती बॅट देण्याचे कधी कोणाच्या मनात आले नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकरांची, ही वाटणी तिथे ठरून गेलेली होती. ती केवळ आपल्याकडची होती असेही नाही. खुद्द इंग्लंडात जंटलमन आणि प्लेअर्स असा भेद १९६२ पर्यंत टिकला. हौशी खेळाडू म्हणजे जंटलमन. ते बहुधा फलंदाज आणि कप्तान. पैसे घेऊन खेळणारे ते प्लेअर्स. त्यांच्यात दिवसभर घाम गाळणाऱ्या गोलंदाजांचा भरणा मोठा. कित्येक मैदानांवर दोघांचे कपडे बदलण्याचे खण निराळे, आत येण्याची फाटकेही निराळी. इंग्लंडच्या संघाला विसाव्या शतकात पहिला व्यावसायिक कप्तान लेन हटन यांच्या रूपाने मिळाला तो १९५२ मध्ये, आणि तेही फलंदाज होते. म्हणजे घामाची बाजू आणि मानाची बाजू अशी खेळाची फाळणी विलायतेहूनच आली होती. आपल्याकडे तिला जातीचे अस्तर लागले आणि ती कितीतरी अधिक जाड झाली.

पुण्यातल्या हिंदूंचा क्रिकेट संघ साहेबांच्या संघाशी दोन हात करू पाहत होता. संघात फलंदाज होते. पण साहेबांना बाद करील असा गोलंदाज नव्हता, आणि जो होता तो अस्पृश्य होता. वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळूंना संघात घेण्यात आले. पण कसे? मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सारे हाताळत होते. तो चेंडू बाटत नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या कुल्हडात चहा मिळे. जेवणाला त्यांचे ताट वेगळे, जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर तेही दुसरा एखादा अस्पृश्य नोकर आणून देई. सकाळी ज्या हाताने पाच बळी घ्यायचे, दुपारी त्याच हाताला दूर बसवायचे, असा हा व्यवहार होता.

मी पुस्तकांतून हा भाग जेव्हा वाचतो तेव्हा मला राग येतो, आणि रागापेक्षा नवल अधिक वाटते. चेंडूपुरती अस्पृश्यता मागे घेण्याचा ठराव त्या लोकांनी किती सहज केला! म्हणजे हे बंधन अटळ नव्हते हे त्यांना आतून ठाऊक असले पाहिजे. फायदा असला की ते सैल होई आणि फायदा संपला की पुन्हा आवळले जाई.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाविरुद्ध पुण्याच्या हिंदू संघाने विजय मिळवला त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा सर्वांत मोठा होता. संघ परतल्यावर सत्कार झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीरपणे बाळूंचे कौतुक केले. पुढे लोकमान्य टिळकांनीही त्यांची वाखाणणी केली. पुण्यात त्या काळी सुधारणेच्या प्रश्नावर रानडे आणि टिळक यांच्या वाटा भिन्न होत्या. बाळूंच्या डाव्या हाताने त्या दोन वाटा क्षणभर का होईना एकत्र आणल्या. यात विजयाचे सामर्थ्य दिसते आणि त्याची मर्यादाही दिसते. गळ्यात हार पडला. पंगतीतले वेगळे ताट मात्र लगेच हलले असे झाले नाही.

प्लेगच्या त्या भयंकर काळात, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईला आले. पुढे मुंबई, बडोदे अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांनी नोकरी केली आणि रेल्वेच्या संघातून खेळले. मरीन लाइन्सजवळच्या हिंदू जिमखान्याला चांगला गोलंदाज हवाच होता. इथेही काही सभासदांनी नाके मुरडली. संघाचे कप्तान कीर्तीकर यांनी आग्रह धरला म्हणून बाळूंना प्रवेश मिळाला. मुंबई पुण्यापेक्षा थोडी मोकळी होती. हळूहळू बाळू इतर खेळाडूंच्या बरोबरीने बसू लागले.

मग आला १९०६ चा फेब्रुवारी महिना. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना ठरला. राज्यकर्त्यांशी बरोबरीच्या नात्याने चेंडू-फळी खेळायची, हीच तेव्हा केवढी गोष्ट. या सामन्याचा धावफलक मी अनेकदा पाहिला आहे. बँकेतला माणूस ताळेबंद वाचतो तसा तो वाचायला हवा. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियन १९१. म्हणजे हाताशी ५१ धावांची आघाडी. अशा वेळी फलंदाजांनी सामना खिशात घालायचा असतो. प्रत्यक्षात दुसरा डाव १६० धावांत कोसळला. युरोपियनांपुढे २१२ धावांचे लक्ष्य राहिले. ज्या संघाने आधीच्याच डावात १९१ केल्या होत्या त्याला २१२ काही दुरापास्त नव्हत्या. आणि तिथे बाळू व त्यांचे सहकारी एराशा यांनी साहेबांना १०२ धावांत गुंडाळले. हिंदू १०९ धावांनी जिंकले.

मुंबईभर जल्लोष झाला. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस, स्वदेशीची हवा तापलेली. एका खेळातला विजय राष्ट्राचा विजय वाटला तर नवल नाही. सुधारकांच्या वृत्तपत्रांनी एक वेगळा मुद्दाही मांडला. या विजयामागे एका अस्पृश्याला बरोबरीने घेण्याचे धैर्य आहे, हे लक्षात घ्या, असा त्या लिखाणाचा आशय होता. मुद्दा बरोबरच होता. पण चाहत्यांनी ऐकला तो जयघोष. १९०७ साली हिंदूंनी युरोपियनांना पुन्हा हरवले, या वेळी २३८ धावांनी. त्याच वर्षी पारशी संघ सामील होऊन तिरंगी स्पर्धा सुरू झाली, आणि १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली.

या सगळ्या वर्षांत बाळू हा संघाचा कणा होता. आणि कणा असतो तो पाठीत. चेहरा दुसराच असतो.

बाळूंच्या कसाची खरी परीक्षा १९११ साली इंग्लंडात झाली. हिंदू, पारशी आणि मुसलमान असा मिळून निवडलेला भारतीय संघ पहिल्यांदाच तिकडे गेला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघे वीसच्या आतले. दरबारी कार्यक्रमांच्या गर्दीत महाराज थोडेच सामने खेळले. दौऱ्यात एकूण २३ सामने झाले. त्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. अनोळखी हवेत, ओल्या खेळपट्ट्यांवर फलंदाज एकामागून एक कोसळत होते. बाळूंचा खांदा दुखावलेला होता, वय पस्तिशीचे. तरीही दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. तिकडच्या जाणकारांनी त्यांची तुलना यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली. ऱ्होड्स हाही डावखुरा फिरकी गोलंदाज, आणि तोही पैसे घेऊन खेळणारा व्यावसायिकच.

त्या दौऱ्यात लीस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन काउंट्यांवर भारतीयांनी विजय मिळवले. सॉमरसेटविरुद्धचा सामना एका गड्याने जिंकला. त्यात शेवटपर्यंत नाबाद राहून शतक काढणारा फलंदाज होता बाळूंचा धाकटा भाऊ शिवराम. ज्या घराण्याच्या थोरल्या मुलाच्या हाती पुण्यातल्या क्लबाने कधी बॅट दिली नाही, त्याच घरच्या धाकट्याने इंग्लंडच्या मैदानावर फलंदाजीने सामना जिंकून दिला. योगायोगाची ही एक ओळ इतिहासाने जणू मुद्दाम लिहून ठेवली आहे.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभात पुढाकार घेणाऱ्यांत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक विशीतला विद्यार्थी होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. त्या पिढीतल्या मुलांपुढे आपल्यातला म्हणून दाखवावा असा, देशभर ओळखला जाणारा माणूस त्या वेळी जवळजवळ एकच होता, आणि तो बाळू होता.

इतके असूनही हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंकडे आले नाही. १९१० पासून पुढे दर वर्षी हा प्रश्न उभा राही आणि दर वर्षी कोणी उच्चवर्णीय फलंदाज कप्तान होई. एम. डी. पै हे त्यांतले एक. त्यांच्या मोठेपणाची नोंद करायला हवी. १९१३ साली एका समारंभात त्यांनीच उघडपणे सांगितले की हा मान खरे तर बाळूंचा आहे. असे म्हणायला मन मोठे लागते. पण म्हणून झाल्यावर कप्तान पैच राहिले.

माझ्या नोकरीतल्या एका शाखेत एक दफ्तरी होते. नाव सांगत नाही, शाखाही सांगत नाही. गावातला कोण कर्ज फेडील आणि कोण बुडवील हे त्यांना माणसाच्या चालण्यावरून कळे. आम्ही अधिकारी मंडळी कागद तपासत बसायचो आणि शेवटी हळूच त्यांना विचारायचो. त्यांच्या सल्ल्यावर शाखेची वसुली जिल्ह्यात नाव घेण्यासारखी झाली. वर्षअखेरीचा चषक साहेबांनी घेतला, समूहछायाचित्रात दफ्तरी मागच्या रांगेत, अर्धे खांबाआड. त्यांच्या बढतीचा प्रस्ताव दोनदा गेला आणि दोनदा परत आला. शाखा उत्तम चालली आहे, मग बदल कशाला, असा वरचा सूर होता. तेव्हापासून बाळूंच्या कप्तानपदाची हकीकत मला नुसती क्रिकेटची वाटत नाही. काम बिघडले तर मागच्या रांगेतल्या माणसाकडे बोट दाखवतात. काम चांगले झाले तर त्याला आहे तिथेच ठेवतात, कारण तिथे तो उपयोगी पडतो.

१९२० साली प्रकरण हातघाईवर आले. बाळूंचे वय तेव्हा चव्वेचाळिसाच्या आसपास. चौरंगी स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात त्यांना वगळण्यात आले. पै आजारी होते, तरी नेतृत्व पालवणकरांपैकी कोणाकडे न देता दुसऱ्याकडे गेले. या वेळी धाकटे भाऊ उभे राहिले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीर केले. अन्याय खेळातला नसून जातीचा आहे, असा त्याचा रोख होता. गवगवा झाला, लोकमत हलले. अंतिम सामन्यासाठी पालवणकर बंधू परत आले, बाळूंना उपकप्तान करण्यात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवला. आयुष्यभराच्या गोलंदाजीबद्दल त्यांच्या पदरात पडलेले नेतृत्व एवढेच, उसने दिलेल्या छत्रीसारखे.

पुढे १९२३ मध्ये हिंदू संघाचे कप्तानपद विठ्ठल पालवणकरांना मिळाले आणि त्या वर्षी संघाने स्पर्धाही जिंकली. विठ्ठल यांनी नंतर मराठीत आत्मचरित्र लिहिले. ज्यांना हा काळ आतून समजून घ्यायचा असेल त्यांनी ते शोधून वाचावे. विठ्ठल थोर खेळाडू होते, त्यांचा अधिकार निर्विवाद होता. तरी चाहता म्हणून माझ्या मनात एक टाचणी राहते. दार उघडले ते फलंदाज भावासाठी. गोलंदाज भाऊ तोवर निवृत्तीला टेकला होता.

बाळूंची आकडेवारी पाहा. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५ च्या थोडी वर. म्हणजे प्रत्येक बळीमागे जेमतेम पंधरा धावा. ज्या संघाचा मुख्य गोलंदाज इतका कंजूष, त्याच्या फलंदाजांना १६० धावाही पुऱ्या पडतात. आणि पुऱ्या पडल्या की आपली फलंदाजी बरी आहे असे त्यांना वाटू लागते. हीच त्या विजयांची खरी किंमत होती. बाळूंनी फलंदाजांना अपयशाची झळ लागू दिली नाही, आणि समाजालाही लागू दिली नाही. एक अस्पृश्य आपल्यासाठी खेळतो आहे, आपण जिंकतो आहोत, त्याला हारही घालतो आहोत, मग आणखी काय सुधारायचे राहिले, असे म्हणायची सोय त्या विजयांनी करून दिली. यात बाळूंचा दोष कसा म्हणावा? गोलंदाजाने बळी घ्यायचे नाहीत तर करायचे काय?

पण हाच प्रश्न पुढे राजकारणात त्यांच्यासमोर उभा राहिला. बाळू गांधीजींना मानत. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी समेटासाठी धडपडणाऱ्या दलित नेत्यांत ते होते आणि करारावर त्यांचीही सही आहे. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराचा निर्धार जाहीर केला, तेव्हा बाळूंनी त्याला विरोध केला. आणि १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले ते बाळू पालवणकरांना. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याच्या सत्काराला तो विद्यार्थी धावला होता, त्याच सत्कारमूर्तीशी आता त्याची लढत. निकाल लागला. आंबेडकर १३,२४५ मते, बाळू ११,२२५.

काही जण या प्रसंगावरून बाळूंना उणे ठरवतात. मला ते न्यायाचे वाटत नाही. बाळूंनी जे पाहिले होते ते असे : पुण्यात कुल्हडातला चहा, मुंबईत बरोबरीचे पान, आणि अखेर धाकट्या भावाला कप्तानपद. हे सारे एका आयुष्यात घडलेले. संघात राहून, घाम गाळून, चांगली माणसे जोडून बदल होतो, यावर त्यांची श्रद्धा बसली असेल तर ती अनुभवातून आलेली होती. बाबासाहेबांनी तोच ताळेबंद उलट बाजूने वाचला. इतके बळी घेऊनही या माणसाला कप्तान करायला जो संघ तयार होत नाही, त्या संघात राहून दुसऱ्या कोणाला न्याय मिळणार? हजारांत एखादा बाळू निपजतो. ज्यांच्या हाती चेंडूही पडत नाही त्यांचे काय? एक विजयाच्या बाजूने पाहत होता, दुसरा थकबाकीची यादी वाचत होता. मी बँकेतला माणूस, यादी वाचणाऱ्याकडे माझा कल जाणे साहजिक आहे. पण म्हणून ज्याने उन्हात दिवसभर चेंडू टाकले त्याचे कष्ट यादीतून वजा करता येत नाहीत.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. अस्पृश्यता बंद झाल्याचे राज्यघटनेने १९५० साली सांगितले होते, आणि ती घटना सिद्ध करणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तेच भीमराव आंबेडकर. पुढच्याच वर्षी, १९५६ च्या ऑक्टोबरात, आमच्या नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ते पाहायला बाळू राहिले नव्हते. त्यांच्यामागे क्रिकेटने त्यांना बरीच वर्षे विस्मरणात ठेवले. नायडू, मर्चंट, हजारे, मांकड ही नावे आमच्या पिढीच्या तोंडी होती; पालवणकर हे नाव शाळेत असताना मी ऐकलेले नाही. अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत इतिहासकारांनी जुनी वर्तमानपत्रे चाळून हे चरित्र पुन्हा उभे केले, तेव्हा कुठे नव्या मुलांना ते कळू लागले आहे.

आता काळ बदलला आहे. विदर्भाकडून खेळून कसोटीपर्यंत पहिला पोहोचला तो उमेश यादव, कोळसा खाणीत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा आणि वेगवान गोलंदाज. त्याला कोणी बाहेर बसवून चहा दिला नाही. हे पाहून बरे वाटते. तरीही कोणत्याही संघाच्या, संस्थेच्या, गावाच्या विजयाच्या बातमीखाली मी आधी एक गोष्ट शोधतो : हा विजय कोणी ओढून आणला, आणि छायाचित्रात तो कुठे उभा आहे.

१९०६ च्या त्या सामन्याचा निकाल पुस्तकांत एका ओळीत असतो. हिंदू १०९ धावांनी विजयी. ही ओळ खरी आहे. पण २४२ आणि १०२ या आकड्यांच्या मध्ये १६० हाही एक आकडा आहे. तो वाचल्याशिवाय बाळू पालवणकरांनी त्या दुपारी काय केले ते कळत नाही, आणि त्यांचे देणे किती राहिले तेही कळत नाही.